खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं : तीन वर्षं राहून लिहिलेला रिव्ह्यू

तीन वर्षं पूर्ण झाली आम्हाला इथे राहायला येऊन आणि माझ्या धाकट्या बहिणीने खाली गाळा घेतला त्याला अडीच, म्हणून आता लिहायला बसलेय. आल्याआल्या लिहिलं असतं तर लॉबी, लिफ्ट आणि बाल्कनीतला व्ह्यू एवढ्यावर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी लिहिलं असतं तर चुकूनही इकडे फिरकू नका असं लिहिलं असतं. दोन्ही अर्धवट झालं असतं. मिक्स्ड-यूज प्रोजेक्ट, म्हणजे दुकानं, ऑफिसं आणि घरं एकाच ठिकाणी असलेला, कसा आहे ते कळायला वेळ जावा लागतो, कारण घर चांगलं आहे का एवढाच प्रश्न नसतो, खालचं दुकान चालतंय का, मधलं ऑफिस भरलंय का आणि या तिघांचा एकमेकांना खरंच उपयोग होतोय का हे सगळं एकत्र बघावं लागतं.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मॅनेजमेंटबद्दल काही तक्रारी आहेत आणि त्या अजून आपसात मिटवायचं चाललंय. शिवाय जे लिहितेय ते उपनगरातल्या अशा कुठल्याही कॉम्प्लेक्सला लागू पडेल. रचना सांगते म्हणजे कल्पना येईल. चार बिल्डिंगा, मधे मोकळा चौक, तळमजला आणि पहिल्या मजल्यावर दुकानं, दुसऱ्या-तिसऱ्यावर ऑफिसं, चौथ्यापासून वर घरं. आम्ही सातव्या मजल्यावर. शहर इथून लांब आहे, आधी मी रोज जाऊन-येऊन जवळजवळ तीन तास प्रवासात घालवायचे, आता दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून हिशोबाचं काम करते, घरून खाली उतरायला लिफ्ट मिळाली तर दोन मिनिटं.

बुकिंगच्या वेळी ब्रोशरमध्ये मोठमोठं लिहिलेलं, परिसराचा आर्थिक विकास होईल, रोजगार येईल, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर मिळेल. ब्रोशरमधल्या चित्रात चौकात नुसती गर्दी दाखवलेली. मला तेव्हा एक साधा प्रश्न सुचायला हवा होता तो सुचला नाही, की या चित्रात घड्याळात किती वाजलेत? संध्याकाळी साडेसातला तर कुठलाही चौक भरलेला दिसतो. दुपारी दोनला काय दिसतं ते विचारा.

हे मला बहिणीच्या गाळ्यात बसून कळलं. तिचं कपडे ऑल्टर करायचं दुकान आहे, गाळा जेमतेम ११० स्क्वेअर फूट, त्यात एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, कोपऱ्यात पडदा लावून ट्रायलची जागा, आणि भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा, प्रत्येक खिळ्याला नंबरची चिठ्ठी. वरची रांग आज द्यायची, मधली उद्याची, खालची तयार होऊन न्यायला न आलेल्यांची. पहिल्या सहा महिन्यांत खालचीच रांग भरलेली असायची. ऑफिसचे दोन्ही मजले तेव्हा रिकामे होते, काचांवर आतून कागद चिकटवलेले, आणि राहायला आलेली कुटुंबं निम्मीसुद्धा नव्हती. जे होते ते सकाळी आठला शहराकडे निघायचे आणि रात्री आठला परत. म्हणजे भाडं महिन्याचे तीस दिवस चालू, लाईट दिवसभर चालू, बहीण सकाळी दहापासून मशीनवर बसलेली, आणि गिऱ्हाईक यायचं ते रात्री आठ ते साडेनऊ, तेही सगळे एकदम, त्यांना उभं करायला जागा नाही. दुपारपर्यंत भवानीसुद्धा व्हायची नाही. तिने दोनदा मला सांगितलं, ताई मी सोडते हा गाळा.

मग दुसऱ्या मजल्यावर एक सॉफ्टवेअर टेस्टिंगचं ऑफिस आलं, पाठोपाठ एक डोळ्यांचा आणि एक दातांचा दवाखाना, तिसऱ्यावर अर्ध्या मजल्याचं को-वर्किंग, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी भाड्याने वापरायचं सामायिक ऑफिस. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत भिंतीवरच्या रांगा बदलल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी साडेनऊला ऑफिसची मुलं वर जाताना पँट टाकून जायची, दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रायल, दवाखान्यात नंबर यायला वेळ असेल तर बायका खाली येऊन ब्लाऊजचं माप देऊन जायच्या, आणि संध्याकाळी राहणारे लोक. आलेली माणसं काही हजारो नव्हती हो. पण ती वेगवेगळ्या वेळेला आली. एका माणसाच्या मशीनला दिवसभर पुरेल असं काम मिळालं, एवढाच फरक, आणि त्याच फरकावर दुकान टिकलं.

हे नंतर वाचताना कळलं की जेन जेकब्स नावाच्या बाईंनी हेच १९६१ मध्ये लिहून ठेवलंय. त्या न्यूयॉर्कमध्ये राहायच्या, नगररचनेची डिग्री वगैरे काही नव्हती, आपल्या घरासमोरचा फुटपाथ बघून बघून त्यांनी मांडलं की भाग जिवंत राहायला चार गोष्टी लागतात : एकापेक्षा जास्त मुख्य उपयोग म्हणजे वेगवेगळ्या कामाला वेगवेगळ्या वेळी लोक येतील, ब्लॉक छोटे म्हणजे वळायला रस्ते भरपूर, नव्याबरोबर जुन्या इमारतीही, आणि पुरेशी दाट वस्ती. चारही एकत्र लागतात. मला तर हे वाचताना बहिणीच्या भिंतीवरच्या खिळ्यांच्या रांगाच दिसत होत्या. आमच्याकडे चारातलं काय आहे आणि काय नाही ते पुढे सांगते, कारण इथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्यातच आहे.

उपनगरं अशी नुसती झोपायला यायची का झाली हेही थोडं समजून घ्या, म्हणजे बिल्डर काय विकतोय ते नीट कळेल. कारखान्यांचा धूर, कातडी कमावण्याचा वास, गोंगाट, यापासून घरं लांब ठेवायची ही मूळ गरज खरीच होती. पण नंतर ती ओढत ओढत घराशेजारी वाण्याचं दुकानही नको, फ्लॅटची बिल्डिंगही नको इथवर गेली. अमेरिकेत क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड नावाच्या छोट्या उपनगराने जमिनीचे असे कप्पे पाडले, एका जमीन कंपनीने त्याविरुद्ध केस केली आणि १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने उपनगराच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात फ्लॅटची इमारत म्हणजे बंगल्यांच्या वस्तीवरचं बांडगूळ अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. त्यानंतर ही कप्पेबंद पद्धत तिकडे सगळीकडे पसरली, अजूनही तिला युक्लिडियन झोनिंगच म्हणतात. घर एकीकडे, काम दुसरीकडे, खरेदी तिसरीकडे, आणि तिन्हीच्या मधे गाडी.

उलट जपानमध्ये बघा, तिथे देशभर झोनचे १३च प्रकार आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात कडक, बुटक्या घरांच्या झोनमध्येसुद्धा राहत्या घरात छोटं दुकान किंवा ऑफिस काढता येतं, दुकानाचा भाग ५० चौरस मीटरपर्यंत आणि घराच्या निम्म्याहून कमी असला की झालं. म्हणजे माझ्या बहिणीसारखीला कुणा बिल्डरच्या गाळ्याची वाटच बघावी लागणार नाही, घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडता येईल. आमच्या घरच्या फ्लॅटमध्ये मात्र ते चालत नाही, करारात स्पष्ट लिहिलंय की चौथ्या मजल्यापासून वर कुठलाही व्यवसाय नको. मिक्स्ड-यूज म्हणायचं आणि मजल्यामजल्यावर पुन्हा कप्पेच पाडायचे, हे मला पटलेलं नाही. ट्यूशन घेणाऱ्या बाईंना नोटीस आली होती, चार मुलं येत होती फक्त.

आता त्या गेटची गोष्ट सांगते, हा रिव्ह्यू खरं तर त्याच्यासाठीच लिहितेय.

आमच्या चौकाला दोन तोंडं आहेत. पुढचं मोठं गेट हमरस्त्यावर, आणि मागचं छोटं गेट, त्यातून पायी बाहेर पडलं की जुनी वस्ती, शाळा आणि बस स्टॉप. पुढच्या गेटने बस स्टॉपला जायचं म्हणजे पूर्ण कंपाउंडला वळसा, बारा-पंधरा मिनिटं, मागून अडीच मिनिटं, मी स्वतः मोजलंय. दीड वर्षापूर्वी बेसमेंटमधून दोन सायकली चोरीला गेल्या आणि मॅनेजमेंटने सिक्युरिटीच्या नावाखाली मागचं गेट बंद करून कुलूप घातलं. राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते बरंच वाटलं, मलाही पहिले चार दिवस वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या गेटमधून फक्त चोर येत नव्हते ना. शाळा सुटल्यावर पालक मुलांना घेऊन चौकातून जायचे, झेरॉक्स-वह्यांचं दुकान त्यांच्यावर चालायचं. जुन्या वस्तीतल्या बायका बहिणीकडे फॉल-पिको टाकायच्या. औषधाच्या दुकानात तर निम्मं गिऱ्हाईक मागचंच. ऑफिसात कामाला येणारी मुलं बसने यायची, त्यांना रोज वळसा पडायला लागला, ती पुढून येऊन थेट लिफ्टने वर, चौकात फिरकेनाशी झाली.

दोन महिन्यांत बहिणीच्या खिळ्यांच्या वरच्या दोन रांगा निम्म्यावर आल्या. झेरॉक्सवाल्याने कामाचा मुलगा कमी केला. एक फुलांचं दुकान बंद झालं ते आजही बंद आहे. म्हणजे ज्या मॅनेजमेंटला गाळ्यांचं भाडं हवं होतं तिनेच एका कुलपाने ते मारलं, आणि हे त्यांना समजावून सांगताना आमचा घाम निघाला कारण त्यांच्या मते दुकानं कॉम्प्लेक्सवाल्यांसाठी आहेत, बाहेरच्यांसाठी नाहीत. साधं गणित आहे, चार बिल्डिंगांमधली माणसं रोज रोज पँट आखूड करत नाहीत. छोट्या दुकानाला आजूबाजूच्या कितीतरी घरांचा पसारा लागतो, आणि तो पसारा भिंतीच्या बाहेर असतो. मी सहा दुकानांचे हिशोब लिहिते, त्यांची परवानगी घेऊन गेट बंद व्हायच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिन्यांचे बिलांचे आकडे एका कागदावर काढले, कुठलंही भाषण न करता मीटिंगमध्ये तो कागद फिरवला. माझ्या सासऱ्यांनी, जे रोज चौकातल्या बाकावर बसतात, उठून एवढंच सांगितलं की गेट उघडं होतं तेव्हा इथे दिवसभर माणसं होती म्हणून मला एकट्याला बसायला भीती वाटत नव्हती, आता दुपारी शुकशुकाट असतो. सायकली चोरीला गेल्या त्या बेसमेंटमधून, जिथे कुणीच बघायला नव्हतं, चौकातून नाही, हे त्यांच्या बोलण्यातूनच सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटी गेट सकाळी सात ते रात्री दहा उघडं ठेवायचं ठरलं, बेसमेंटला वेगळा कॅमेरा आणि माणूस. त्यानंतर तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं काम जागेवर आलं. फुलांचं दुकान तेवढं परत आलं नाही.

बाहेरच्या जगाशी जोडणी हेच यातलं खरं भांडवल आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) उदाहरण यासाठी फार महत्त्वाचं वाटतं मला. मेट्रोची लाईन तिथे हायवेच्या मधून न्यायचा विचार होता, तो मार्ग स्वस्त पडला असता, पण काउंटीने आग्रह धरला की लाईन आमच्या जुन्या, पडत चाललेल्या बाजाराच्या रस्त्याखालून न्या. तसंच झालं, १९७९ मध्ये रॉसलिन ते बॉलस्टन पट्टा सुरू झाला, आणि नियम असा केला की स्टेशनच्या अगदी जवळ उंच इमारती, दुकानं, ऑफिसं, घरं मिसळून, आणि दोन-चार गल्ल्या सोडल्या की उंची उतरत उतरत जुन्या बैठ्या घरांना जाऊन मिळायची. आज काउंटीला तो पट्टा जमिनीच्या मानाने कितीतरी जास्त कर देतो आणि जुन्या गल्ल्याही जाग्यावर आहेत. हायवेच्या मधे स्टेशन असतं तर उतरल्यावर समोर फक्त गाड्या दिसल्या असत्या.

याउलट अर्धवट राहिलेल्या गोष्टीचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. व्हिक्टर ग्रुएन नावाचे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले आर्किटेक्ट, त्यांनी मिनियापोलिसजवळ ईडायना या उपनगरात साउथडेल सेंटर बांधलं, १९५६ मध्ये उघडलं, पूर्ण बंदिस्त एसी मॉलचा नमुना जगाला तिथून मिळाला. पण त्यांच्या डोक्यातलं चित्र नुसत्या मॉलचं नव्हतंच, आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने, बाग, असं उपनगराचं पूर्ण गावठाण त्यांना उभारायचं होतं. बांधला गेला तो फक्त मॉल आणि भोवती पार्किंगचं मैदान. त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, स्टॉकहोमच्या बाहेर व्हेलिंगबी सुरू झालं, त्याला एबीसी शहर म्हणायचे, स्वीडिश भाषेत काम, घर आणि केंद्र या तीन शब्दांची आद्याक्षरं. तिथे मेट्रो दोन वर्षं आधीच, १९५२ ला पोचली होती. दुकानांना उठाव चांगला मिळाला, लांबलांबून लोक यायला लागले, पण राहणाऱ्यांनी तिथेच काम करावं हे मात्र ठरवलं होतं तितकं जमलं नाही, बरेच जण मेट्रो पकडून शहरातच जात राहिले. म्हणजे बघा, घर आणि ऑफिस एकाच बिल्डिंगमध्ये बांधलं म्हणून त्या घरातला माणूस त्याच ऑफिसात नोकरीला लागत नाही. आमच्याकडेही तेच, वर राहणारे आणि मधल्या मजल्यांवर काम करणारे यांत दोन्हीकडे नाव असलेले माझ्यासारखे बोटावर मोजण्याइतके. ब्रोशरमधलं ते ‘रोजगार येईल’ कुणी तोंडावर फेकलं तर हे लक्षात ठेवा.

मग आर्थिक विकास होतो का? होतो, पण ब्रोशरमध्ये सांगतात त्या वाटेने नाही. मला दिसतो तो असा. बहीण चेन, बटणं, धागे समोरच्या गाळ्यातून घेते. लाँड्रीवाला इस्त्री करताना उसवलेला कपडा दिसला की गिऱ्हाइकाला विचारून तिच्याकडे पाठवतो. दातांच्या दवाखान्याचे पडदे आणि एप्रन तिने शिवले. माझ्याकडे हिशोबाचं काम आलं ते एका गाळ्यापासून, तोंडी तोंडी सहा झाले, आता मी मागच्या वस्तीतल्या एका मुलीला अर्धवेळ ठेवलंय, ती कॉमर्सला आहे, कॉलेज सुटलं की मागच्या गेटने चालत येते. यातलं काहीच एकट्याने झालं नसतं. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई, आणि ती जितक्या वेळा याच चौकात फिरते तितका हा भाग उभा राहतो. बाहेर मुख्य ऑफिस असलेल्या मोठ्या साखळी दुकानात दिलेला पैसा पगार आणि भाडं सोडलं तर संध्याकाळीच इथून निघून जातो.

आणि म्हणूनच अँकर स्टोअरचा, म्हणजे गर्दी खेचायला ठेवलेल्या एका मोठ्या दुकानाचा, मोह मला खटकतो. तळमजल्याचा सगळ्यात चांगला कोपरा, दोन्हीकडे फ्रंटेज, एका मोठ्या दुकानासाठी अखंड ठेवलेला. दुकान आलं, चौदा महिन्यांनी गेलं, तेव्हापासून शटर खाली. इतकी मोठी जागा घेणारा दुसरा मिळत नाही, आणि मॅनेजमेंट ती तोडून छोटे गाळे करायला तयार नाही, भाव पडेल म्हणून. त्या बंद शटरच्या दोन्ही बाजूंची दुकानं अंधारात गेल्यासारखी झालीत, लोक तिथवर जाऊन परत फिरतात. डेन्व्हरजवळच्या लेकवूड उपनगरात असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं, १९६६ चा व्हिला इटालिया नावाचा मॉल ओस पडून बंद झाला. तिथे त्यांनी हिंमत केली, अवाढव्य मॉल पाडला, साधारण १०० एकरांत पुन्हा साधे चौकोनी रस्ते आखून वीसहून जास्त छोटे ब्लॉक पाडले, दुकानं-ऑफिसं-घरं मिसळून बेलमार नावाने नवीन गावठाण उभं केलं, २००४ मध्ये त्याचा पहिला भाग उघडला. आमच्याकडे तर एक हॉल पाडून आठ गाळे करायचेत फक्त.

जेकब्सबाईंची जुन्या इमारतींची अट इथे लागते. नवीन बांधकामाला कर्जाचं व्याज असतं, ते भाड्यातून काढायचं असतं, त्यामुळे नव्या इमारतीत तेच धंदे परवडतात ज्यांचं बस्तान आधीच बसलंय. नवशिक्याला जुनी, कर्ज फिटलेली, थोडी कळकट जागा लागते. आमच्यासारख्या एका दमात उभ्या राहिलेल्या कॉम्प्लेक्समध्ये जुनी इमारत आणणार कुठून? त्याला उपाय म्हणजे गाळेच लहान लहान ठेवायचे, आतल्या बाजूचे कमी भाड्याने द्यायचे, आणि पहिल्या वर्षी विक्रीच्या प्रमाणात भाडं घ्यायचं. बहिणीला आतल्या बोळातला ११० फुटी गाळा मिळाला म्हणून ती आहे. त्याच बोळात घड्याळवाला, मोबाईल रिपेअरवाला, किल्ल्या करून देणारा असे नऊ गाळे आहेत आणि अडीच वर्षांत त्यातला एकही बंद पडलेला नाही, बाहेरच्या झगमगाटातले चार पडले.

आता राहणाऱ्यांच्या बाजूने त्रास सांगते, कारण फ्लॅट घेणाऱ्याने हेही वाचायला हवं. आवाज आहे. मालाच्या गाड्या पहाटे पाचला येतात आणि लोडिंग बे आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहे, रिव्हर्सचा तो पीं पीं पीं आवाज सातव्या मजल्यावर खणखणीत ऐकू येतो. तक्रारीनंतर वेळ सातची केली, पाळतात दहातले सात दिवस. खालच्या हॉटेलच्या किचनची डक्ट, म्हणजे धूर बाहेर टाकायची नळी, गच्चीपर्यंत न्यायला हवी होती ती तिसऱ्या मजल्यावरच बाहेर काढलेली, चौथ्या-पाचव्या मजल्याची बाल्कनी कायम तेलकट. डक्ट नंतर वर न्यायची म्हणजे भिंत फोडा, परवानग्या काढा, खर्च कुणी करायचा यावर भांडा. ताबा घ्यायच्या आधी स्वतः गच्चीवर चढून बघा, किचनच्या डक्टची तोंडं गच्चीवर दिसली पाहिजेत. लिफ्ट मात्र राहणाऱ्यांच्या आणि ऑफिसच्या वेगळ्या आहेत, हे फार चांगलं केलंय, दोन्ही एकच असत्या तर सकाळी नऊला मुलांची शाळेची बस चुकली असती.

मेंटेनन्सची भांडणं वर्षभर चालतात. चौकाची झाडलोट, दिवे, सिक्युरिटी, याचा खर्च दुकानं आणि घरं यांच्यात कोणत्या प्रमाणात वाटायचा हे आमच्या करारात मोघम लिहिलेलं आहे आणि त्या एका मोघम ओळीने जितकी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली तितकी दुसऱ्या कशानेच नाही. पाण्याचे, जनरेटरचे मीटर वेगळे आहेत का बघा. कचऱ्याची खोली दुकानांची वेगळी, घरांची वेगळी हवी.

पार्किंगबद्दल मात्र मला वाटलं होतं तितका त्रास झाला नाही. ऑफिसवाले सकाळी नऊला येतात तेव्हा राहणाऱ्यांच्या गाड्या बाहेर पडलेल्या असतात, ते संध्याकाळी सहाला जातात तेव्हा राहणारे परत येतात, तीच जागा दोनदा वापरात. अमेरिकेतल्या अर्बन लँड इन्स्टिट्यूट या जमीन-विकासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९८३ मध्येच या शेअर्ड पार्किंगचा हिशोब मांडून दाखवला होता, प्रत्येक उपयोगासाठी वेगवेगळं पार्किंग मोजून बेरीज केली तर गरजेपेक्षा खूप जास्त जागा अडते. आमच्याकडे ऑफिसच्या जागा रात्री राहणाऱ्यांच्या पाहुण्यांना देतात, आणि वाचलेल्या जागेत चौक मोठा झाला. फक्त शनिवारी संध्याकाळी सगळं कोलमडतं.

मी चार स्टार देतेय. फ्लॅट घ्यायचा असेल तर लोडिंग बेच्या विरुद्ध बाजूचा आणि सहाव्या मजल्याच्या वरचा घ्या. गाळा घ्यायचा असेल तर घाई नको, कामाच्या दिवशी दुपारी दोनला येऊन चौकात एक तास बसा, किती माणसं चालत जातात आणि कुठल्या गेटने येतात ते मोजा, ऑफिसच्या मजल्यांवर किती काचांना अजून कागद आहेत ते बघा, अर्ध्याच्या वर कागद असतील तर वर्षभर थांबा. आतल्या बोळातला गाळा मिळत असेल तर कोपऱ्यातल्या झगमगीत गाळ्याच्या नादाला लागू नका.

पुढच्या महिन्यात बहिणीच्या लीजचं रिन्यूअल आहे. भाडं वाढवायला तिची ना नाही, धंदा चाललाय तिचा. पण या वेळी तिने करारात एक ओळ घालायला सांगितलीय, की मागचं गेट सकाळी सात ते रात्री दहा उघडं राहील आणि सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर तेवढ्या काळाचं भाडं निम्मं. बोळातल्या बाकीच्या आठही जणांनी तीच ओळ मागितली आहे. कागद मॅनेजमेंटकडे गेलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.